नाजूक पोटाचा मोती

बालरोगतज्ज्ञाने कुत्र्याच्या आहारावर लिहावे, हे वाचकांना काहीसे चमत्कारिक वाटेल. परंतु इंदुरातील आपल्या मराठी घरांतून कुत्रा आता अंगणातून दिवाणखान्यात आला आहे, आणि मुलाला तपासून झाल्यावर अनेक पालक संकोचत विचारतात, "डॉक्टर, आमच्या कुत्र्याचंही पोट सारखं बिघडतं. हेच औषध चालेल का?" या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. ते मला स्वतःच्या चुकीतून शिकावे लागले.

आमचा मोती दीड वर्षाचा असताना त्याला जुलाब सुरू झाले. दोन दिवस बरे, चार दिवस वाईट, असे सहा आठवडे चालले. तीस वर्षे मुलांचे जुलाब बरे करणाऱ्या माणसाला कुत्र्याचे पोट ते काय अवघड, अशा विश्वासाने मी उपचार केले. दहीभात दिला, माझ्याच कपाटातील प्रतिजैविकाचे सरबत पाजले, तीन आठवड्यांत तीन निरनिराळी तयार खाद्ये आणली. मोतीच्या बरगड्या दिसू लागल्या, तेव्हा पशुवैद्याकडे गेलो.

त्या तरुण पशुवैद्याने आधी मलतपासणी करवली, कारण जंत किंवा जिआर्डिया असेल तर केवळ आहार बदलून उपयोग नसतो. तपासणी निर्दोष आली. मग तो म्हणाला, "सर, दिवसभरात याच्या तोंडात कोण काय घालतं, ते दोन दिवस लिहून आणा." हाच प्रश्न मी रोज आयांना विचारतो, माझ्या घरी मात्र तो विचारला नव्हता. यादी अशी झाली : बाबांच्या चहातील चार बिस्किटे, आईच्या हातची दूधपोळी, दोन वेळा, रविवारच्या पोह्यांवरची शेव, मोलकरणीने मायेने आणलेली मटणाची चरबी, आणि सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा, बेदाण्यांसह. मी ज्याला 'मोतीचा आहार' समजत होतो, तो त्याच्या खाण्याचा जेमतेम अर्धा भाग होता.

बेदाण्यांचा उल्लेख वाचताच पशुवैद्य गंभीर झाला. द्राक्षे, बेदाणे व मनुका यांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि किती दाणे घातक ठरतील हे प्रत्येक कुत्र्यागणिक वेगळे असते. जुलाबाच्या चिंतेत आम्ही त्याहून मोठा धोका दर पौर्णिमेला प्रसाद म्हणून देत होतो. मोती वाचला, हे केवळ दैव.

पोट नाजूक का होते?

कुत्रा केवळ मांसाहारी आहे, हा समज खरा नाही. 2013 साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडिश संशोधनानुसार, पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेज विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात पुष्कळ अधिक असतात. म्हणजे शिजवलेला भात त्याला पचतो. दुधाचे तसे नाही. आईचे दूध सुटल्यावर लॅक्टेज कमी होत जाते आणि न पचलेली दुग्धशर्करा आतड्यात पाणी ओढते. अति स्निग्ध पदार्थांनी स्वादुपिंडाचा दाह होऊ शकतो. काहींना विशिष्ट प्रथिनांचे वावडे असते. गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, कोंबडी व गहू ही त्यांतील नेहमीची नावे. आमच्या दूधपोळीत यांपैकी दोन होती.

आहार निवडताना

पहिला नियम, एका वेळी एकच बदल. नवे खाद्य सुमारे सात दिवसांत आणावे : प्रथम पाव भाग नवे, मग अर्धे, मग पाऊण, मग पूर्ण. मी दर आठवड्याला एकदम खाद्य बदलत होतो. त्यानेच जुलाब लांबले असणार.

दुसरा, उकडलेला भात व कातडे काढलेली उकडलेली कोंबडी हा चार दिवसांचा पथ्याहार आहे, जन्माचा नव्हे. त्यात कॅल्शियम अत्यल्प असते आणि वाढत्या पिल्लाची हाडे त्यामुळे मऊ पडतात. आपण मुडदूस पाहतो, त्याचाच हा भाऊबंद. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी 2013 मध्ये घरगुती श्वान-आहाराच्या 200 पाककृती तपासल्या, तेव्हा 95 टक्क्यांत किमान एक आवश्यक पोषकद्रव्य अपुरे आढळले. शाकाहारी घरांनीही हे ध्यानात ठेवावे : नुसत्या वरणभातावर कुत्रा जगतो, पण पोसला जात नाही. घरचेच द्यायचे असल्यास पाककृती पशुवैद्याकडून आखून घ्यावी.

तिसरा, वावड्याचा संशय असल्यास रक्तचाचणीवर विसंबू नये. ती विश्वसनीय नाही. पूर्वी कधी न खाल्लेले प्रथिन, किंवा प्रथिनांचे सूक्ष्म तुकडे केलेला औषधी आहार, एवढेच द्यावे. पोटाच्या तक्रारीत बहुधा दोन ते चार आठवड्यांत फरक दिसतो. त्या काळात एक बिस्किटही चालत नाही. पुढे जुने अन्न देऊन तक्रार परतली, तरच निदान पक्के.

चौथा, जुलाबात दीर्घकाळ उपाशी ठेवू नये. मुलांच्या बाबतीत आपण ही प्रथा केव्हाच सोडली. 2003 सालच्या एका अभ्यासात पार्व्होग्रस्त पिल्लांना नळीने लवकर अन्न सुरू केले, तेव्हा तीही लवकर सावरली.

काय टाळावे?

कांदा व लसूण यांनी तांबड्या पेशी फुटतात. म्हणून भाजीचा रस्साही नको. चॉकलेट आणि साखरविरहित च्युइंगगममधील झायलिटॉल विषारी आहेत. घरातील आयब्युप्रोफेन वा पॅरासिटॅमॉल कधीही देऊ नये. जुलाब थांबवणारे लोपेरामाइड कोली जातीच्या अनेक कुत्र्यांच्या मेंदूवर परिणाम करते.

रक्त पडणे, वारंवार उलटी, मलूलपणा, घटते वजन, तीन आठवड्यांहून जुनी तक्रार किंवा लस न झालेले पिल्लू असेल, तर घरगुती प्रयोग न करता त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.

मोतीचे पथ्य पाळणे त्याच्यापेक्षा आम्हालाच जड गेले. आई म्हणाली, "मुक्या जिवाला घास द्यायचा नाही, म्हणजे काय?" तिचा हात थांबवणे बरे वाटेना. शेवटी मोतीचे दिवसाचे खाद्य सकाळीच मोजून एका डब्यात काढले व तो डबा आईच्या स्वाधीन केला. आता ती त्यातलेच दाणे देवपूजेनंतर स्वतःच्या हाताने त्याला भरवते. तिसऱ्या आठवड्यात मोतीचे पोट ठिकाणावर आले आणि दोन महिन्यांत बरगड्या झाकल्या गेल्या.

औषध कोणतेच लागले नाही. आणि दवाखान्यात जुलाबाचे मूल आले, की "काय देता?" एवढेच विचारून मी आता थांबत नाही, "घरात आणखी कोण कोण भरवतं?" हेही विचारतो.