शब्दच नाहीत, तरी सुपरहिट!

सबमिशनची रात्र. जर्नल अर्धवट, चहा गार आणि कानात लो-फाय बीट्स. शब्द असलेलं गाणं लावलं की लक्ष जर्नलवरून गाण्यावर जातं, हे तुम्हाला अनुभवाने ठाऊक आहे. पण बिनशब्दांचं संगीत म्हणजे फक्त 'बॅकग्राउंड', असं वाटत असेल तर जरा थांबा. 1960 साली अमेरिकेत सलग नऊ आठवडे एक नंबरवर एकच रेकॉर्ड होती आणि त्यात गाण्याची एक ओळही नव्हती.

'थीम फ्रॉम अ समर प्लेस'. नाव ओळखीचं नसेल, पण ऐकलीत की म्हणाल, 'अरे, ही होय!' 1959 च्या सिनेमातली ही धून. गंमत बघा, सिनेमाची ती मुख्य धूनही नव्हती. त्यातल्या तरुण जोडीच्या प्रेमासाठी केलेली बाजूची धून. केली कोणी, तर मॅक्स स्टायनरने. 'किंग काँग' आणि 'गॉन विथ द विंड'चं संगीत देणारा हा माणूस तेव्हा 71 वर्षांचा होता! सिनेमा आज फारसा कुणाला आठवत नाही. धून मात्र उरली, कारण ती पर्सी फेथच्या हातात पडली.

हातात पडली म्हणताना जरा अडखळायला होतं. फेथ मूळचा टोरांटोचा. लहानपणी मुक्या सिनेमांना थिएटरात बसून पियानोची साथ करायचा. पियानोवादक व्हायचं हे जवळजवळ पक्कं होतं. अठरा वर्षांचा असताना, म्हणजे तुमच्याच वयाचा, बहिणीच्या कपड्यांनी पेट घेतला. त्याने ती आग स्वतःच्या हातांनी विझवली. हात भयंकर भाजले. मैफिलीत पियानो वाजवण्याचं स्वप्न तिथेच संपलं आणि तो दुसऱ्यांनी काय वाजवायचं ते लिहू लागला. अरेंजर झाला.

आता ती रेकॉर्ड हेडफोन लावून ऐका. खाली सतत एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असा झोका चाललेला आहे. त्या काळच्या पोरांच्या स्लो रॉक अँड रोल गाण्यांत असायचा, तसाच. त्यावर व्हायोलिन्स अजिबात घाई न करता तरंगतात. दुसऱ्या कुणी तेच सूर नुसते वाजवले असते, तर सिनेमासोबत विसरून गेलो असतो. या रेकॉर्डला पुढे 'रेकॉर्ड ऑफ द इयर'चं ग्रॅमीही मिळालं.

त्याच्या दहा वर्षं आधीची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. व्हिएन्नात 'द थर्ड मॅन'चं शूटिंग. दिग्दर्शक कॅरल रीडला तिथल्या एका पार्टीत अँटन काराश भेटला. वाईनच्या ठेल्यांवर बक्षिशीवर वाजवणारा साधा वादक. वाद्य झिदर: टेबलावर आडवी ठेवायची तारांची पेटी, दिसायला थोडी संतूरसारखी, पण काठ्यांनी नव्हे तर बोटांनी छेडायची. अंगठ्यात सतारीच्या नखीसारखी अंगठी. रीडने त्याला थेट लंडनला नेलं आणि सगळ्या सिनेमाचं संगीत त्या एकट्याकडून करून घेतलं. सिनेमा सुरू होतो तोच पडदाभर थरथरणाऱ्या तारांनी. 1950 मध्ये ती रेकॉर्ड अमेरिकेत अकरा आठवडे एक नंबरवर राहिली. काराश परत व्हिएन्नाला गेला आणि त्याने आपला वाईन बार उघडला. नाव सिनेमाचंच!

आपल्याकडेही हे होतंच की. 'नागिन'ची बीन आठवा (1954). वरातीत रुमाल तोंडात धरून ज्यावर नाचता ना, तीच. ती गारुड्याने नाही, कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवली होती. आणि पुण्याचे इनॉक डॅनियल्स! अ‍ॅकॉर्डियनवर हिंदी सिनेमाची गाणी वाजवलेल्या त्यांच्या रेकॉर्ड्स घरोघरी होत्या. तिकडे ऑर्केस्ट्रा, इकडे एकटं अ‍ॅकॉर्डियन, पण मागणी तीच: गाणं हवं, गायक नको.

घरात आजी-आजोबा असतील तर आज एक प्रयोग करा. डॅनियल्सची एखादी धून लावा, नाव सांगू नका. पहिल्या ओळीलाच ते शब्द गुणगुणायला लागतात की नाही, बघा. जर्नल काय, उद्या सकाळीही लिहिता येईल.