भोवऱ्याची आर

अणुबाँब प्रकल्पाचा अमेरिकी सरकारने मान्य केलेला पहिला वृत्तान्त हेन्री स्माइथ या भौतिकीतज्ज्ञाने लिहिला. हिरोशिमाला आठवडा उलटायच्या आत, ऑगस्ट १९४५मध्ये, तो लोकांच्या हाती पडला. त्यात एका ठिकाणी २२,००० हा आकडा येतो. दिवसाला एक किलो युरेनियम-२३५ वेगळे करायचे तर अतिवेगाने फिरणारी, प्रत्येकी स्वतंत्रपणे चालवावी लागणारी, बांधणीला नाजूक आणि डोळ्यांत तेल घालून सांभाळावी लागणारी २२,००० सेंट्रिफ्यूज यंत्रे लागतील, असा तो अंदाज होता. हा आकडा ज्यांनी पाहिला त्यांनी हे काम आवाक्याबाहेरचे मानले आणि नोव्हेंबर १९४२मध्ये सेंट्रिफ्यूजला मुख्य प्रकल्पातून वगळण्यात आले. आज जगात युरेनियमचे समृद्धीकरण जवळजवळ पूर्णपणे सेंट्रिफ्यूजवरच होते. ही उलथापालथ कशी झाली, याची दोन उत्तरे नेहमी दिली जातात. एक, मजबूत धातू आणि तंतू मिळाले, त्यामुळे वेग वाढला. दुसरे, गुपिते इकडून तिकडे गेली. दोन्हींत तथ्य आहे, पण माझ्या मते दोन्ही उत्तरे मुद्द्याच्या कडेकडेने जातात. अडचण फिरणाऱ्या नळीत नव्हती, ती नळी ज्यावर फिरते त्या टेकूत होती. भोवरा फिरवणाऱ्या कोणत्याही पोराला विचारा: लाकूड कितीही चांगले असो, आर बिघडली की भोवरा थरथरतो आणि कलंडतो.

आधी मुळातली अडचण पाहू. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये कामाचा भाग, म्हणजे २३५ वजनाचा समस्थानिक, जेमतेम ०.७ टक्के असतो. बाकी जवळजवळ सगळे २३८. रसायनाच्या दृष्टीने दोन्ही एकच, म्हणून आम्ल-अल्कली टाकून ते वेगळे होत नाहीत. फरक फक्त वजनाचा. युरेनियमची फ्लोरिनशी गाठ घातली की हेक्साफ्लोराइड तयार होते आणि थोड्याशा उष्णतेने त्याचा वायू होतो. निसर्गात फ्लोरिन एकाच वजनाचे असते, ही मोठीच सोय. नाहीतर हिशेबाचा पार गुंता झाला असता. या वायूचे रेणू ३५२ आणि ३४९ वजनाचे. सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून हा वायू ढकलला तर हलके रेणू किंचित जास्त वेगाने पलीकडे जातात, पण हा लाभ वजनांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाइतकाच, म्हणजे एका टप्प्याला फार तर ०.४३ टक्के. सेंट्रिफ्यूजचे गणित वेगळे आहे. तिथे जड रेणू भिंतीकडे दाबले जातात आणि विलगीकरण ठरते ते वजनांमधल्या फरकावर आणि भिंतीच्या वेगाच्या वर्गावर. पडदा भागाकार करतो, भोवरा वजाबाकी करतो. अणू कितीही जड असले तरी तीनचा फरक तीनच राहतो. भिंतीचा वेग सेकंदाला ३०० मीटर असेल तर साध्या खोलीच्या तापमानाला सुमारे साडेपाच टक्के, ५०० मीटर असेल तर सोळा टक्के. शिवाय नळीतल्या वायूला मध्यातून एका दिशेने आणि भिंतीलगत उलट दिशेने असे संथपणे फिरते ठेवले, तर हाच लाभ नळीच्या लांबीभर वाढत जातो.

हे सगळे कळायला कुणाला वाट पाहावी लागली नाही. फ्रेडरिक लिंडेमन आणि फ्रान्सिस अॅस्टन यांनी १९१९मध्येच सेंट्रिफ्यूजने समस्थानिक वेगळे करण्याची शक्यता मांडली होती. समस्थानिक ही कल्पनाच तेव्हा काही वर्षांची होती. दुधातून साय वेगळी काढणारे गुस्ताव्ह द लाव्हालचे यंत्र तर १८७८चे. तरीही पहिले प्रयत्न फसले, आणि ते का फसले हे सांगण्याजोगे आहे. हवेत फिरणारा रोटर घासून तापतो. एक बाजू गरम आणि एक थंड झाली की आतल्या वायूत प्रवाह उठतात आणि जे वेगळे झाले ते पुन्हा मिसळते. यावर उपाय काढला तो व्हर्जिनिया विद्यापीठातल्या जेसी बीम्स यांनी. त्यांनी रोटर निर्वात पेटीत ठेवला आणि बाहेरच्या चालक यंत्राशी तारेसारख्या बारीक, लवचीक दांड्याने जोडला. दांडा लवचीक असला की रोटर आपला तोल आपणच शोधतो, हे लाव्हालला वाफेच्या टर्बाइनमध्ये आधीच उमगले होते. १९३०च्या दशकाच्या मध्यास बीम्स यांनी या रीतीने क्लोरिनचे समस्थानिक अंशतः वेगळे करून दाखवले. पुढे कोलंबिया विद्यापीठात हॅरॉल्ड युरी यांनी उलटसुलट प्रवाहाच्या कल्पनेचा पाठपुरावा केला, कार्ल कोहेन यांनी तिचे गणित बांधले आणि इंग्लंडमध्ये पॉल डिरॅक यांनी एका यंत्राकडून जास्तीत जास्त किती काम मिळू शकेल याची मर्यादा काढली. डिरॅकच्या सूत्रातली गंमत अशी की यंत्राचे काम त्याच्या लांबीच्या प्रमाणात आणि वेगाच्या चौथ्या घाताने वाढते, पण भिंतीचा वेग तोच ठेवला तर व्यास सूत्रातून गळून पडतो. नळी हंड्याएवढी रुंद असो की मनगटाएवढी, तत्त्वतः फरक शून्य. ही गोष्ट कागदावर होती, पण युद्धकाळात तिचा अर्थ कुणी पुरता घेतला नाही.

अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीने बीम्स यांच्या आराखड्यावर सुमारे मीटरभर लांबीची यंत्रे बनवली. दोन्ही टोकांना दांडे, दांड्यांभोवती तेलाची बेअरिंगे, बाहेर मोटर. वायू आत-बाहेर नेण्याची वाटही त्या फिरत्या दांड्यांमधूनच. म्हणजे जिथे घर्षण, तिथेच गळतीची भीती आणि तिथेच कंपनाचे मूळ. जर्मनीत हाम्बुर्गचे पाउल हार्टेक आणि विल्हेल्म ग्रोट यांनी कील शहरातल्या आन्श्युट्झ कंपनीकडे धाव घेतली. ही कंपनी जहाजांच्या जायरो-होकायंत्रांसाठी नावाजलेली, म्हणजे फिरत्या चाकांची नाडी जाणणारी, आणि तिथले कोनराड बायर्ले हे काम पाहत होते. सुरुवातीच्याच एका चाचणीत रोटर फुटून यंत्राच्या चिंधड्या झाल्या. पुढे युरेनियमचे थोडे समृद्धीकरण त्यांनी साधलेही, पण बाँबवर्षावाने काम कीलहून फ्रायबुर्ग, तिथून कांडर्न आणि शेवटी त्सेले असे बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडत राहिले. एकमेकांचा थांगपत्ता नसलेले हे दोन संघ एकाच खिंडीत अडकले. दोघांकडे सिद्धान्त होता, अॅल्युमिनियमचे चांगले मिश्रधातू होते, कुशल कारागीर होते. दोघांनीही रोटरला वर-खाली घट्ट धरून, तेल पाजून, बळाने फिरवायचा मार्ग धरला होता.

ही खिंड फुटली ती काळ्या समुद्राच्या काठी, सुखुमीला. तिथे मान्फ्रेड फॉन आर्डेने यांच्या नावाच्या संस्थेत सोव्हिएत सरकारने जर्मन शास्त्रज्ञ आणून ठेवले होते. सीमेन्समध्ये विद्युत्-विसर्जनावर काम केलेले माक्स श्टेनबेक सेंट्रिफ्यूजच्या गटाचे प्रमुख झाले आणि युद्धकैद्यांच्या छावणीतून निवडलेला गेर्नोट त्सिपे हा ऑस्ट्रियन भौतिकीतज्ज्ञ १९४६मध्ये त्यांना येऊन मिळाला. यांच्यापैकी कुणीही सेंट्रिफ्यूजचा जाणकार नव्हता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आधी त्यांनीही लांब, लवचीक नळीचा नाद केला. मग लांबीवर पाणी सोडून ते वीतभराहून थोड्या मोठ्या, मनगटाएवढ्या नळीकडे वळले आणि तिथेच खरा शोध लागला. नळीच्या बुडाला एक बारीक पोलादी सुई. ती कठीण धातूच्या उथळ खळग्यात, तेलाच्या थेंबात टेकलेली. तो खळगाही घट्ट न बसवता थोडा हलू शकेल आणि थरथर जिरवेल असा ठेवलेला. वरच्या टोकाला काहीच स्पर्श नाही. वर्तुळाकार चुंबक रोटरला उचलून धरतो आणि सुईवरचा भारही हलका करतो. फिरवायला दांडा नाही. बुडाशी बसवलेल्या चकतीला खालचे विद्युत्-चुंबकीय क्षेत्र आपल्यामागे ओढत नेते. वायूची ने-आण मध्यातल्या स्थिर नळीतून. निसटणारे रेणू वरच्या कोंदणातल्या सर्पिल खाचांवर आपटून परत आत जातात, म्हणजे रोटर आपला निर्वात पंप आपणच चालवतो. सेकंदाला सुमारे पंधराशे फेरे, आणि घर्षणाला जागाच जवळजवळ नाही. हा भोवराच होता, फक्त त्याला जाळी गुंडाळावी लागत नव्हती.

यातला एकेक भाग घेतला तर नवे असे काही नाही. रेणूंना खाचांनी ढकलणारा पंप फ्रेंच शास्त्रज्ञ हॉलवेक यांनी १९२०च्या दशकात केला होता. सुईवर तोललेली होकायंत्रे तर कित्येक शतके जुनी. आणि चुंबकाने रोटर अधांतरी धरण्याची युक्ती १९३७मध्ये होम्स यांनी दाखवली ती कुठे, तर खुद्द बीम्स यांच्या व्हर्जिनिया विद्यापीठात! पुढे बीम्स यांनी पोलादाच्या इवल्याशा गोळ्या चुंबकाने अधांतरी धरून सेकंदाला लाखो फेऱ्यांनी फिरवल्या. म्हणजे कुलूपही त्यांच्याच घरात, किल्लीही त्यांच्याच घरात; दोन्ही वेगळ्या खोल्यांत राहिली एवढेच.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला असा की मग १९४२चा अमेरिकी निर्णय चुकला का? मला तसे वाटत नाही. पडद्याच्या पद्धतीतही तेव्हा योग्य पडदा सापडलेला नव्हता, ओक रिज येथील अवाढव्य के-२५ कारखाना उभा राहू लागला तरी तो सापडत नव्हता. पण पडदा एकदा जमला की तो जागचा हलत नाही. हलतात ते पंप, आणि पंप दुरुस्त करणारी माणसे कुठल्याही गिरणीत मिळतात. हातात दोन-तीन वर्षे असताना त्या काळच्या बेअरिंगांवर २२,००० यंत्रे टाकणे हा जुगार ठरला असता. निर्णय बरोबर होता. त्यातून पुढे जो समज रुजला, की सेंट्रिफ्यूज मुळातच कारखान्याच्या कामाचा नाही, तो चुकीचा होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वेग चौथ्या घाताने लाभ देत असेल तर खरी प्रगती धातूंची नव्हे का? आज विशेष पोलाद आणि कार्बनतंतू यांमुळे वेग कितीतरी पुढे गेले आहेत, हे खरे. पण सुखुमीतून निघालेल्या यंत्राचा भिंतीचा वेग सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास होता आणि रोटर अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचाच. युद्धकालीन यंत्रांहून ही उडी फार मोठी नव्हती. उलट डिरॅकच्या सूत्राप्रमाणे लांबी कमी केल्याने एकेका यंत्राचे काम घटले. २२,००० हा आकडा ऐकून तज्ज्ञांची छाती दडपली होती, आणि उत्तर सापडले ते आणखी जास्त यंत्रे लावून! सोव्हिएत कारखान्यांत पुढे अशी लाखो यंत्रे रांगेने फिरू लागली. स्माइथच्या वाक्यातला अडसर त्या संख्येत नव्हता, तिला चिकटलेल्या विशेषणांत होता: बांधणीला नाजूक, सांभाळायला कठीण. ज्याला तेल-पाणी लागत नाही, माणूस लागत नाही आणि वीज फारच थोडी लागते, असे यंत्र एक काय आणि एक लाख काय. ते शिवणयंत्रासारखे साच्यातून काढता येते.

तिसरा वाद श्रेयाचा. पाश्चात्त्य लेखनात हे ‘त्सिपे सेंट्रिफ्यूज’; रशियन मांडणीत मात्र लेनिनग्राडच्या किरोव्ह कारखान्यातल्या व्हिक्टर सर्गेयेव्ह यांचे नाव पुढे येते. जर्मन गट १९५२मध्ये तिथे हलवला गेला आणि फिरत्या वायूच्याच जोराने तो बाहेर काढणाऱ्या वाकड्या, स्थिर नळ्यांची कल्पना सर्गेयेव्ह यांची, असे रशियन सांगतात. उरलमध्ये १९५७मध्ये प्रायोगिक आणि १९६२ ते १९६४मध्ये पूर्ण औद्योगिक कारखाना चालू झाला तेव्हा जर्मन मंडळी घरी परतलेली होती. मला हा दावा पटतो, आणि मूळ मुद्द्याला तो बळकटीच देतो. प्रयोगशाळेतला एक भोवरा आणि कारखान्यातले लाख भोवरे यांत जे अंतर आहे ते खाच, सुई आणि नळी घडवणाऱ्या हातांनीच कापले.

मग गुपितांचे काय? त्सिपे १९५६मध्ये सुटले तेव्हा कागदाचा कपटाही सोबत नव्हता. १९५७मध्ये आम्स्टरडॅमच्या परिषदेत त्यांना कळले की बाहेरचे जग अजून जुन्याच खिंडीत आहे. १९५८मध्ये ते व्हर्जिनियाला, बीम्स यांच्याच विद्यापीठात आले आणि दोन वर्षांत आठवणीतून ते यंत्र पुन्हा उभे केले. १९६०मध्ये त्यावरचा अहवाल निघाला, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या आग्रहावरून पश्चिम जर्मनी आणि नेदरलँड्स यांनी हे संशोधन गुप्त ठरवले. घोडा तबेल्याबाहेर गेल्यावर कडी लावली, असे यावर म्हटले जाते. पण अहवाल हातात असूनही ब्रिटन, जर्मनी आणि नेदरलँड्स यांना एकत्र सेंट्रिफ्यूज उभारण्याच्या आल्मेलो करारापर्यंत, म्हणजे मार्च १९७०पर्यंत, पोचायला दशक गेले. पुढे पाकिस्तानी धातुतज्ज्ञ अब्दुल कादिर खान यांनी नेदरलँड्समधून पाकिस्तानात नेले ते नुसते आराखडे नव्हते. सुटे भाग कोण बनवतो, कुणाकडून मिळतात, याची माहितीही होती. नुसत्या कागदाने भागत असते तर तिची गरज पडली नसती.

सुखुमीत सोडून दिलेली लांब नळी युरोपात पुन्हा अवतरली, तुकड्यातुकड्यांची, मध्ये भात्यासारख्या वळ्या असलेली. अशी नळी वेग घेताना काही ठरावीक वेगांना जोरात थरथरते; ते टप्पे झटकन ओलांडून एकदा वर गेली की शांत होते. म्हणून चालू असलेले यंत्र शक्यतो थांबवत नाहीत, कारण उतरताना तेच टप्पे पुन्हा लागतात. इंग्लंडमधल्या कॅपनहर्स्टला १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला फिरू लागलेली काही यंत्रे पंचवीस वर्षांहून अधिक काळ एकदाही न थांबता, खालच्या त्याच सुईवर फिरत राहिली.