माथा, कपाळ आणि संकेतांक : चेहऱ्यावरील त्वचेचा कर्करोग

हिंदीत ‘माथा’ म्हणजे कपाळ, तर मराठीत माथा म्हणजे डोक्याचा वरचा भाग. आमच्या सौंसर-पांढुर्णा भागात दोन्ही भाषा एकाच घरात नांदतात, त्यामुळे हा फरक सहसा कोणाला अडत नाही. मला तो अडतो. माझे घर बोरगावचे, आणि काम नागपूरच्या एका रुग्णालयात, रुग्णांच्या कागदपत्रांवरून रोगांना संकेतांक देण्याचे. त्वचेच्या कर्करोगात माथ्याचा संकेतांक वेगळा आणि कपाळाचा वेगळा.

रोगांची नोंद सगळीकडे एकाच पद्धतीने व्हावी, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरण वापरतात. त्याच्या दहाव्या आवृत्तीत सी४३ हा त्वचेच्या मेलानोमाचा संकेतांक आहे आणि सी४४ त्वचेच्या इतर कर्करोगांचा. बिंदूनंतरचा अंक जागा सांगतो : सी४४.० ओठाची त्वचा, .१ पापणी, .२ कान, .३ चेहऱ्याचा उरलेला भाग, .४ डोके व मान. नुसते ‘बोरगाव’ लिहिले तर पत्र कोठे जाईल सांगता येत नाही, कारण या नावाची गावे पुष्कळ आहेत; तालुका सौंसर, जिल्हा पांढुर्णा लिहावे लागते. बिंदूनंतरचा अंक हे तालुक्याचेच काम करतो.

म्हणून रुग्णाचे शब्द नेमके लिहिले जाणे महत्त्वाचे. ‘कानावर’ आणि ‘कानशिलावर’ यांत एका अंकाचा फरक पडतो. ‘डोळ्यावर फोड’ म्हणजे पापणीवर की भुवईजवळ? ‘ओठावर’ म्हणजे ओठाच्या कातडीवर की लाल भागावर? लाल भागाचा कर्करोग सी००मध्ये, म्हणजे पूर्णपणे निराळ्या गटात मोडतो.

आता रोगाकडे वळू. चेहऱ्यावर मुख्यतः दोन प्रकार आढळतात. पहिला बेसल सेल कार्सिनोमा. तो त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी असलेल्या पेशींसारख्या पेशींचा बनलेला असतो. चकचकीत कडा, मध्ये खपली, खपली निघाली की थोडे रक्त, पुन्हा खपली, असे त्याचे रूप असते. तो हळू वाढतो आणि शरीरात क्वचितच पसरतो. पण दुर्लक्ष केल्यास नाक, पापणी खात जातो. इंग्रजीत त्याला उंदराने कुरतडल्यासारखा व्रण अशा अर्थाचे जुने नाव आहे. डब्लिनचे डॉक्टर आर्थर जेकब यांनी १८२७ साली त्याचे वर्णन केले. सावळ्या त्वचेवर तो बरेचदा काळसर दिसतो, त्यामुळे तीळ किंवा मस समजला जातो. दुसरा स्क्वेमस सेल कार्सिनोमा : खरखरीत, जाड, कधी जुन्या भाजल्याच्या व्रणात उद्भवणारा. तो मानेच्या गाठींपर्यंत पोहोचू शकतो. दोन्हींचे एक मोठे कारण वर्षानुवर्षे अंगावर पडणारे ऊन. आपल्या त्वचेतील रंगद्रव्य बरेच संरक्षण देते, पण पूर्ण नव्हे.

हे दोन रोग स्वभावाने इतके वेगळे असूनही दहाव्या आवृत्तीत गालावर असले तर दोघांनाही सी४४.३ हाच संकेतांक मिळतो. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत ते वेगळे केले आहेत : स्क्वेमस २सी३१ आणि बेसल २सी३२.

संकेतांक मी रुग्णाकडे पाहून देत नाही. डॉक्टरांचे निदान आणि तुकडा काढून केलेल्या तपासणीचा अहवाल यांवरून देतो. तपासणी झालीच नाही आणि कागदावर ‘जुनी जखम’ एवढेच राहिले, तर नोंद होते एल९८.४, म्हणजे त्वचेचा जुनाट व्रण. रोग तोच असतो, पण कर्करोगाच्या मोजणीत तो माणूस येत नाही. लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणीत रुग्ण मोजला जातो तो राहत्या गावाने, उपचाराच्या शहराने नव्हे. म्हणून पत्ताही पूर्ण हवा. २०२३ पासून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा आहे. जुन्या कागदांवर मात्र छिंदवाडा असतो.

नोंदीचे नुकसान नंतरचे. आधी माणसाचे होते. आपल्याकडे मस जाळायला बिब्बा किंवा चुना लावतात. त्याने कातडी भाजते आणि निदान लांबते. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ ही भीतीही घराघरांत आहे. ती निराधार आहे. तुकडा तपासल्याशिवाय रोगाचे नावच कळत नाही, आणि वेळेवर कळले तर बहुतेक वेळा लहान शस्त्रक्रियेने तो बरा होतो.

शिक्षक आणि लेखक यांना येथे एक सोपे काम आहे. ‘कर्करोगाची लक्षणे’ असे मोघम न लिहिता, चार आठवड्यांत न भरणारी जखम, वारंवार रक्त येणारी खपली, रंग किंवा आकार बदलणारा तीळ, हे आपल्या बोलीत लिहावे. वर्गात शरीराच्या अवयवांची नावे शिकवताना माथा, कपाळ, कानशील, पापणी, हनुवटी हेही नेमके शिकवावे. डॉक्टरांपुढे बसलेल्या माणसाला स्वतःच्या चेहऱ्याचा पत्ता नीट सांगता आला पाहिजे.