कारखाना कुठे, ऊस कुठे?

शंभर टन ऊस कारखान्याच्या गव्हाणीत पडला की त्यातून दहा ते बारा टन साखर निघते. अठ्ठावीस-तीस टन बगॅस (रस काढल्यावर उरलेला चोथा), चारेक टन मळी, तीन-चार टन प्रेसमड (रस गाळल्यावर उरलेला गाळ), आणि उरलेलं बहुतेक सगळं पाणी. म्हणजे शेतातून कारखान्यापर्यंत आपण जो भार वाहून आणतो, त्यातला जवळजवळ नव्वद टक्के भार साखरेच्या पोत्यात कधीच जात नाही. महाराष्ट्रात सुमारे दोनशे कारखाने अलीकडे पावसापाण्याप्रमाणे हंगामाला साडेआठ ते तेरा कोटी टन ऊस असा आणतात. कारखाना कुठे उभा राहिला यावर शेतकऱ्याच्या हातात किती पैसे पडणार, हे त्यामुळे बऱ्याच अंशी ठरून जातं. उसाच्या दरावर आपल्याकडे दरवर्षी आंदोलनं होतात. अंतरावर मात्र फारसं कुणी बोलत नाही.

वजन आणि वेळ

उद्योग कुठे उभारावा याचं शास्त्र मांडणारं पुस्तक जर्मन अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी 1909 मध्ये लिहिलं. त्यांचं एक सूत्र आजही शिकवलं जातं : प्रक्रियेत ज्या कच्च्या मालाचं वजन खूप घटतं, त्याचा कारखाना मालाजवळ हवा, जिथे वजन घटत नाही, तिथे बाजाराजवळ चालतो. साखरेच्या धंद्यात या सूत्राच्या दोन्ही बाजू दिसतात. कच्ची साखर शुद्ध करताना वजन फारसं घटत नाही, म्हणून लंडनमध्ये थेम्सकाठच्या सिल्व्हरटाउनला 1878 पासून साखर शुद्धीकरणाचा कारखाना चालू शकला. त्याचा ऊस पिकायचा समुद्रापार, हजारो मैलांवर. ऊस गाळणारा कारखाना मात्र उसाच्या मळ्यातच हवा. त्याला कोळशाच्या खाणीजवळ जायचीही गरज नाही, कारण त्याचं जळण उसाबरोबरच येतं. बगॅस बॉयलरमध्ये जातो आणि त्याच वाफेवर कारखाना चालतो.

दुसरं बंधन वेळेचं. कोयता बुडख्याशी पडला त्या क्षणापासून उसातली साखर कमी व्हायला लागते. उसातल्याच विकरांमुळे तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन होतं आणि त्यांची पुन्हा साखर होत नाही. कापलेल्या टोकातून जिवाणू शिरतात, त्यांच्यामुळे रस चिकट होतो आणि साखरेचे दाणे नीट पडत नाहीत. म्हणून तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळावा, असं सांगतात. मार्च-एप्रिलच्या उन्हात किंवा जळालेल्या उसात हे नुकसान आणखी झपाट्यानं होतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या कारखान्यांनी केवळ ऊस वेळेवर आणण्यासाठी सुमारे 4,000 किलोमीटरचे अरुंद रूळ मळ्यांतून टाकले आहेत. आपली सगळी भिस्त बैलगाडी, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि ट्रक यांवर.

पाण्यामागे ऊस, उसामागे कारखाना

महाराष्ट्रातल्या पहिल्या कारखान्यांची जागा कालव्यांनी ठरवली. नीरा आणि प्रवरा नद्यांवर ब्रिटिश अमदानीत कालवे निघाले, 1926 मध्ये भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं आणि दुष्काळी पट्ट्यात ऊस उभा राहिला. 1932 मध्ये देशी साखरेला जकातीचं संरक्षण मिळाल्यावर खासगी कारखानदारीला जोर आला. वालचंदनगर त्याच काळातलं.

विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला, त्याचं पहिलं गाळप 1950-51 च्या हंगामात झालं. सहकाराच्या मोठेपणाबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. पण त्या रचनेत जागेचाही एक शहाणपणा होता. भागधारक आसपासच्या गावांतले, ऊस त्यांचाच आणि मालकीही त्यांचीच. सभासदाचं शेत जवळ म्हणजे वाहतूक कमी, आणि वाचलेला पैसा पुन्हा त्याच सभासदाच्या घरात. पुढे 1984 च्या आदेशानं प्रत्येक कारखान्याला कार्यक्षेत्र राखून दिलं गेलं. नव्वदच्या दशकात ही झोनबंदी उठली. शेतकऱ्याला ऊस कुठेही घालायची मोकळीक मिळाली, ती न्याय्यच होती. पण त्याचबरोबर कार्यक्षेत्राबाहेरून, दूरवरून आणलेल्या उसावर, म्हणजे गेटकेनवर, चालणाऱ्या कारखान्यांचं युग सुरू झालं.

वर्तुळाचं गणित

दिवसाला 5,000 टन गाळणारा कारखाना घेऊ. हंगाम 160 दिवसांचा धरला तर त्याला 8 लाख टन ऊस हवा. हेक्टरी 80 टन, म्हणजे एकरी 32 टन उत्पादन धरलं, तर 10,000 हेक्टर ऊस झाला. परिसरातल्या शंभर हेक्टर जमिनीपैकी वीस हेक्टरवर ऊस असेल तर कारखान्याभोवती साडेबारा किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात तेवढा ऊस मिळतो. शंभरात दहाच हेक्टर असेल तर त्रिज्या अठरा किलोमीटरवर जाते, पाच असेल तर पंचवीसवर. पीक विरळ झालं की अंतर वाढतं, आणि गाळपक्षमता वाढवली तरीही अंतर वाढतंच.

आता कायदा बघा. केंद्राच्या 2006 च्या नियमदुरुस्तीनुसार दोन कारखान्यांत किमान 15 किलोमीटर अंतर हवं. राज्यांना ते वाढवता येतं आणि महाराष्ट्रानं ते 25 किलोमीटर ठेवलं, तेही हवाई. पंचवीस किलोमीटरवरच्या दोन शेजाऱ्यांच्या वाट्याला साडेबारा-साडेबारा किलोमीटरचं वर्तुळ येतं. जमिनीच्या दहा टक्क्यांवर ऊस असेल तर त्या वर्तुळातून 4 लाख टनांहून थोडा कमीच ऊस मिळेल. आपल्या 5,000 टनी कारखान्याला तो जेमतेम 78 दिवस पुरेल. उरलेले दिवस एक तर यंत्रं बंद, नाही तर शेजाऱ्याच्या उसाची पळवापळवी. साखर उद्योगावरच्या डॉ. सी. रंगराजन समितीनं 2012 मध्ये ही अंतराची अट काढून टाकण्याची शिफारस केली होती. अट ठेवा किंवा काढा, ती मोजते फक्त कारखान्यापासून कारखाना. शेतापासून गव्हाणीपर्यंतची वाट तिच्यात कुठेच नाही.

वाटेवरचा ऊस

लागवडीची नोंद झाली की कारखान्याच्या शेतकी विभागाचा तोडणी कार्यक्रम लागणीच्या हंगामाप्रमाणे ठरतो : आधी आडसाली, मग पूर्वहंगामी, सुरू, खोडवा. कागदावर हे चोख असतं. प्रत्यक्षात तोडणीमजुरांची टोळी कुठे आहे, रस्ता कोरडा आहे की नाही आणि कारखान्याच्या यार्डात किती गाड्या उभ्या आहेत, यावर सगळं ठरतं. जवळचा ऊस गाडी सेंटरचा, बैलगाडीच्या आठ-दहा किलोमीटरच्या टप्प्यातला. लांबचा ऊस डोकी सेंटरचा. तिथे मजूर मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढतात आणि ट्रक किंवा ट्रॉली भरतात. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आलेलं नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, पहाटे फडात शिरते. वाहन रात्री आलं तर भरणी रात्री होते. मजुरी टनावर आहे, ताटकळण्याचे पैसे नाहीत.

नुकसान कुणाच्या पदरात पडतं तेही नीट पाहायला हवं. वजनकाट्याआधी ऊस वाळला तर टनेज घटतं, तो तोटा शेतकऱ्याचा. काट्यानंतर यार्डात वाळला तर उतारा, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेचं प्रमाण, घटतो. तो तोटा वरवर कारखान्याचा, पण एफआरपी (उसाचा किमान रास्त दर) उताऱ्यावरच बांधलेली असल्यानं शेवटी तोही शेतकऱ्याकडेच येतो. 2024-25 साठी 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3,400 रुपये एफआरपी होती. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते आणि ती सहसा सरासरीनं. कारखान्याच्या कुशीतला शेतकरी सत्तर किलोमीटरवरच्या गेटकेनचं भाडं भरतो, आणि त्याच्या पावतीवर ते वेगळं दिसतही नाही.

पाणी मोजलंच नाही

2021-22 च्या हंगामात मराठवाड्यात इतका ऊस झाला की गाळप जूनपर्यंत लांबलं. पन्नास किलोमीटरपलीकडच्या वाहतुकीला सरकारला टनामागे किलोमीटरला 5 रुपये अनुदान द्यावं लागलं, आणि 1 मेनंतरच्या गाळपाला उतारा घटीपोटी टनामागे 200 रुपये. चुकलेल्या नियोजनाची किंमत सरकारी तिजोरीनं मोजली. त्याआधी सहाच वर्षं, एप्रिल 2016 मध्ये, मिरजेहून त्याच मराठवाड्यातल्या लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं न्यावं लागलं होतं. पहिल्या खेपेत दहा वाघिणी होत्या, पाणी सुमारे 5 लाख लिटर. केंद्रीय कृषिमूल्य आयोगानं नोंदवलं होतं की राज्याच्या पिकाखालील क्षेत्राच्या 4 टक्क्यांहून कमी जागेवरचा ऊस सिंचनाचं जवळजवळ 70 टक्के पाणी घेत होता. प्रवरेकाठी आधी पाणी आलं, मग ऊस, मग कारखाना. पुढे अनेक ठिकाणी क्रम उलटला : आधी परवाना, मग कारखाना, मग त्याच्यासाठी ऊस आणि शेवटी पाण्याचा शोध. कारखाना एकदा उभा राहिला की तो हलवता येत नाही. कर्ज, कामगार आणि राजकारण त्याला तिथेच बांधून ठेवतात. म्हणूनच इथली चूक एका हंगामात निस्तरत नाही.

जागेची चूक पुसता येत नसली तरी ती लपवू नये, एवढं करता येईल. प्रत्येक कारखान्यानं हंगामाअखेर तीन आकडे फलकावर लावावेत : ऊस सरासरी किती किलोमीटरवरून आला, तोडणीपासून गव्हाणीपर्यंत सरासरी किती तास लागले, आणि गेटकेनच्या वाहतुकीवर किती खर्च झाला. वाहतुकीची कपात अंतराच्या टप्प्यांनुसार व्हावी. गाडीसाठी खोळंबलेल्या टोळीला त्या वेळेचा मोबदला मिळावा. नवा परवाना किंवा क्षमतावाढ देताना हवाई अंतराआधी त्या वर्तुळातलं पाणी मोजावं. तोडणीच्या चिठ्ठ्या, वजनपावत्या आणि वाहतुकीची बिलं आजही प्रत्येक कारखान्यात असतात, त्यामुळे यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबायला नको. सभासदांनो, येत्या वार्षिक सभेत दराचा प्रश्न जरूर विचारा. पण त्याच्या आधी एक प्रश्न विचारा : आपला ऊस किती लांबून येतो, आणि त्याचं भाडं कोण भरतं?