तिखाडीचा गंध आणि कांद्याची काजळी

मुंबई-हावडा लोहमार्गावर, महाराष्ट्राच्या पूर्व हद्दीलगत असलेल्या दरेकसा स्थानकावर उतरणारा परगावचा उतारू बहुधा कचारगडच्या यात्रेचा असतो. परंतु मध्य भारताच्या ज्या पानझडी वनपट्ट्यात हे गाव वसले आहे, त्यातील तिखाडी ऊर्फ रोशा गवताचे पाते चुरगळून नाकाशी धरले असता जो गुलाबासारखा गंध येतो, तो ज्या जिरॅनिऑलाचा, तेच द्रव्य कांद्याच्या पापुद्र्याआड साचून बोटाला काजळीसारखी लागणाऱ्या काळ्या बुरशीचे वैरी आहे. हे तेल एके काळी खानदेशातून मुंबईमार्गे तुर्कस्थानात जाई व गुलाबाच्या अत्तरात भेसळीस वापरले जाई; मला त्याचा हा दुसरा गुण अधिक मोलाचा वाटतो.

ओव्यातील थायमॉल, गवती चहातील सिट्रल, लवंगेतील युजेनॉल ही याच पंगतीची. अर्गोस्टेरॉल या स्निग्ध द्रव्याच्या आधारावर टिकलेल्या बुरशीच्या पेशीपटलात ती शिरली, की पटल पाझरू लागते व आतील क्षार बाहेर जातात. शिवाय त्यांचे बाष्पही प्रभावी असल्यामुळे बंद खोक्यातील भाजीला तेलाचा थेंबही न लागता काम होते.

अडचणही या बाष्पशीलतेतच आहे. हवेशीर कांदाचाळीत गंधाबरोबर गुणही उडून जातो, आणि मात्रा वाढवावी तर सालीवर डाग पडतात व भाजीला तेलाचा वास लागतो; म्हणून कायटोसानच्या लेपात तेल बांधून ते सावकाश सुटावे, अशी तजवीज संशोधक करीत आहेत. सडू लागलेला कांदा मात्र कोणत्याही तेलाने सुधारत नाही; माना पुरत्या वाळवणे आणि जखमी नग वेगळे काढणे हा बंदोबस्त त्याआधीचा.