विश्लेषण : महिना ४ रुपये पगार आणि इंग्लंडमध्ये ११४ बळी... पालवणकर बाळू कोण होते?

भातकापणी झाली की कर्जत-खालापूरच्या गावागावांत शेतातच खेळपट्टी तयार होते. टेनिस चेंडूच्या स्पर्धा सुरू होतात, रोख बक्षिसे लागतात आणि चांगला गोलंदाज असेल तर दुसऱ्या गावचा संघ त्याला मानधन देऊन बोलावतो. खेळून चार पैसे मिळवण्यात आज कोणाला वावगे वाटत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी चित्र वेगळे होते. घाटापलीकडे पुण्यात एका तरुणाला पगार मिळत होता तो खेळपट्टीवर रूळ फिरवण्याचा. गोलंदाजी हे त्या नोकरीतले जादा काम होते. भारताच्या सुरुवातीच्या पेशेवर क्रिकेटपटूंपैकी एक असलेल्या पालवणकर बाळू यांची ही गोष्ट.

सुरुवात कशी झाली?

बाळू यांचा जन्म १८७६ मध्ये धारवाडचा. चर्मकार कुटुंब, मूळ गाव कोकणातील पालवण. पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबमध्ये मैदान झाडण्याचे आणि रूळ फिरवण्याचे काम त्यांना मिळाले. पगार महिना ३ रुपये. पुढे युरोपीय लोकांच्या पूना क्लबमध्ये तो ४ रुपये झाला. तिथे नेट लावणे, खेळपट्टी आखणे ही कामे करता करता ते साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करू लागले. फलंदाजीची संधी मात्र क्वचितच मिळे.

इंग्रज फलंदाज जे. जी. ग्रेग त्यांच्याकडून तासन् तास सराव करून घेत. आपल्याला बाद केले की ग्रेग बाळूंना ८ आणे देत, असे सांगितले जाते. हिशेब सोपा आहे : ग्रेगना ८ वेळा बाद केले की एका महिन्याचा पगार वसूल!

त्यांना ‘पेशेवर’ म्हणता येईल का?

इंग्लंडमध्ये तेव्हा हौशी ‘जंटलमन’ आणि पैसे घेऊन खेळणारे ‘प्लेअर’ असे दोन वर्ग होते. त्यांच्या ड्रेसिंग रूमसुद्धा अनेकदा वेगळ्या असत. ही विभागणी १९६२ पर्यंत टिकली. भारतात असा करार नव्हता. बाळूंचा चरितार्थ आधी मैदानावरच्या कामावर आणि मुंबईत आल्यावर क्रिकेटमुळे मिळालेल्या रेल्वेतील नोकरीवर चालला. शिवाय इथे वर्गाच्या जोडीला जात होती.

संघात घेतले, पण पंगतीत?

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपीयांना हरवायचे होते. त्यासाठी बाळू हवे होते, पण त्यांना घ्यायचे की नाही यावर वाद झाला. अखेर घेतले. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळला. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा आणि जेवायला वेगळी जागा मिळे.

प्लेगच्या काळात ते मुंबईला आले. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपीयांना १०९ धावांनी हरवले. त्या विजयात बाळूंचा वाटा मोठा होता आणि धाकटे बंधू शिवरामही संघात होते.

१९११ चा इंग्लंड दौरा का महत्त्वाचा?

पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाने २३ पैकी १५ सामने गमावले. पण डावखुऱ्या फिरकीच्या जोरावर ३५ वर्षांच्या बाळूंनी एकट्याने ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. ३३ प्रथमश्रेणी सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१.

मग कर्णधारपद?

ते कधीच मिळाले नाही. १९२० मध्ये बाळूंना संघाबाहेर ठेवल्यावर शिवराम आणि विठ्ठल या भावांनी खेळण्यास नकार दिला. त्यानंतर बाळूंना उपकर्णधार करण्यात आले आणि कर्णधार एम. डी. पै काही काळ मैदानाबाहेर गेल्याने त्यांना संघ हाताळता आला. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघ जिंकला. थोरल्या भावाला नाकारलेली जागा धाकट्याला मिळाली.

पुढे काय झाले?

१९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटींत बाळूंचा सहभाग होता. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसकडून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे २ हजार मतांनी हरले. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले.

भारत पहिली कसोटी खेळला १९३२ मध्ये. तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते, त्यामुळे कसोटीपटूंच्या यादीत त्यांचे नाव नाही. आज गावच्या स्पर्धेत पाच बळी घेणाऱ्या पोराला मानधन मिळते आणि तो संघासोबत एकाच पंगतीत जेवतो. बाळूंच्या वाट्याला यातले पहिले तुटपुंजे आले, आणि दुसऱ्यासाठी भांडावे लागले.