कंझऱ्याची चाळीस घरे

नागपूरचे हिवाळी अधिवेशन आणि कर्जमाफीची चर्चा यांची गाठ जुनी आहे. या चर्चेत एक प्रश्न दरवेळी अर्धवट राहतो. कर्ज आहे म्हणून शेती खालावते, की शेती खालावली म्हणून कर्ज होते? एकदाच गावात जाऊन शे-दोनशे घरे विचारून परतलेल्या पाहणीला याचे उत्तर देता येत नाही. तिला कर्ज आणि गरिबी एकाच ओसरीवर बसलेली दिसतात. आधी कोण आले, हे कळत नाही.

त्यासाठी त्याच घरी पुन्हा पुन्हा जावे लागते. तीच घरे, तेच प्रश्न, वर्षानुवर्षे. अशा नोंदींना अर्थमितीत पॅनेल डेटा म्हणतात. जगातल्या अर्थशास्त्रज्ञांनी ज्यांवर बराच खल केला अशा नोंदींपैकी काही आपल्या वऱ्हाडातल्या आहेत.

मुंबईकडे जाणारी गाडी बडनेऱ्यानंतर मूर्तिजापूरला पोहोचते. कंझरा याच तालुक्यातले. हैदराबादजवळच्या ‘इक्रिसॅट’ या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेने 1975 साली अकोला, सोलापूर आणि महबूबनगर जिल्ह्यांतली सहा गावे निवडली. प्रत्येक गावात चाळीस घरे : दहा भूमिहीनांची, तीस लहान-मध्यम-मोठ्या शेतकऱ्यांची. संस्थेचा माणूस गावातच राहायचा आणि दर तीन-चार आठवड्यांनी घरोघर जाऊन पेरणी, मजुरी, खर्च, उसनवारी सारे लिहून घ्यायचा. कंझऱ्यात हे दहा वर्षे चालले.

या चिकाटीचा उपयोग काय, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. बैलजोडी असलेल्या शेतकऱ्याला एकरी 5 क्विंटल कापूस होतो, बैल नसलेल्या शेजाऱ्याला 3. म्हणजे बैलजोडीचा फायदा 2 क्विंटल? थांबा. ज्याच्याकडे बैल आहेत त्याची जमीनही भारी असेल, हातही कसबी असेल. पुढच्या वर्षी तो बैल विकतो. (पोळ्याच्या तोंडावर दावण रिकामी होणे म्हणजे काय, ते त्या घरालाच विचारावे.) त्याला आता 3.5 क्विंटल होतो. घट दीड क्विंटलची. पण पाऊसही कमी झाला आहे. शेजारी बैलांशिवायच होता, तरी तोही 3 वरून 2 वर आला. तेव्हा दीडपैकी एक क्विंटल पावसाने नेला, बैलांच्या वाट्याला उरला अर्धा. बाकीचा दीड क्विंटलचा फरक जमिनीचा आणि हाताचा. तो दुसऱ्या वर्षीही तसाच राहिला.

प्रत्येक घराची तुलना त्याच्याशीच करायची आणि सगळ्या गावावर आलेला हंगाम वजा करायचा, एवढेच या गणिताचे मर्म. त्याला फिक्स्ड इफेक्ट्स पद्धत म्हणतात. शेतकऱ्याचे कसब मोजता येत नाही, पण वजा करता येते, हे यायर मुंडलाक यांनी 1961 साली इस्रायलमधल्या शेतांच्या आकड्यांवर दाखवले होते.

कंझरा, शिरापूर आणि औरेपल्लीच्या नोंदींवर रॉबर्ट टाउनसेंड यांचा गाजलेला निबंध 1994 साली ‘इकॉनोमेट्रिका’त आला. एखाद्या घराचे उत्पन्न बुडाले, तर त्याचे खाणेपिणे तेवढेच बुडते का? त्यांना आढळले की घराचा खर्च गावाच्या सरासरीबरोबर वर-खाली होतो, स्वतःच्या त्या वर्षीच्या कमाईबरोबर फारसा नाही. उसनवारी, नातीगोती, साठवलेले धान्य या साऱ्यांतून गाव काही अंशी विम्याचे काम करत होते. मात्र तीनपैकी एका गावात भूमिहीनांना हे कवच शेजाऱ्यांपेक्षा कमी लाभल्याचे दिसले. 1997 साली रॅव्हॅलियन आणि चौधुरी यांनी हरकत घेतली : खर्च कसा मोजला यावर हा निकाल बराच अवलंबून आहे. मला ही हरकत वजनदार वाटते. घरच्या ज्वारीचा भाव वहीत कसा मांडायचा, इथपासून अडचण आहे.

याच नोंदींवर रोझेनझ्वाइग आणि स्टार्क यांनी 1989 साली मांडलेला निष्कर्ष आपल्या आजीला नवा वाटला नसता. ज्या घरांचे शेतीचे उत्पन्न जास्त बेभरवशाचे, ती लेकी दूरच्या गावी देण्याकडे झुकत. इकडचा पाऊस हुकला तरी तिकडचा साथ देईल.

पण या पद्धतीची एक खोट आहे आणि ती तिच्या बळातूनच येते. जे बदलत नाही ते सारे ती वजा करते. कसब वजा होते, तशी जातही होते. दहा वर्षांत घराची जात बदलत नाही, म्हणून जातीने त्या घराचे किती नुकसान केले, हा आकडा या गणितातून थेट निघतच नाही. तो हवा असेल तर पुन्हा घराघरांमधल्या तुलनेकडे, म्हणजे मघाच्याच अडचणीकडे यावे लागते. उत्तरात जात दिसली नाही म्हणून ती गावात नव्हती, असे म्हणणारा गणित चुकीचे वाचतो.

दुसरी अडचण वहीतली. गाव सोडून पुण्या-मुंबईकडे गेलेले घर नोंदीतून गळते, आणि सर्वांत जास्त अडलेले किंवा सर्वांत जास्त सावरलेले घरच बहुधा आधी जाते. इक्रिसॅटने 2001 साली या गावांत पुन्हा नोंदी सुरू केल्या. मधल्या काळात बाप गेलेला, भावांच्या वाटण्या झालेल्या, एका चुलीच्या तीन चुली झालेल्या. अशा वेळी 1975 चे ‘तेच घर’ यांतले कोणते, हे नोंद घेणाऱ्याला दारात उभे राहूनच ठरवावे लागते.